सहा खिट्ट्या

डुलुथहून परतल्यावर अर्लिसने अंगातला कोटसुद्धा काढला नाही. तळघराचा दिवा लावला आणि ती खाली उतरली. बंद घर उघडलं की आधी तळघर बघायचं, ही तिच्या नवऱ्याची, ऑर्डेलची सवय. तो मार्चमध्ये गेला, आणि तेव्हापासून त्याच्या सवयी ती एकेक करून अंगावर घेत होती. त्याचे हातमोजे, त्याची खुर्ची, आणि हे तळघर बघणं. नऊ दिवस ती लेकीकडे राहिली होती. नऊ दिवस या घरात कुणी नळ उघडला नव्हता की ताट विसळलं नव्हतं. खाली सगळं ठीक होतं. पाइप कोरडे होते, घर तापवणारी भट्टी घुमत होती. कोपऱ्यात पाणी मऊ करणारा सॉफ्टनर उभा होता, आणि त्याच्या शेजारी मिठाची टाकी. तिने उगाचच टाकीचं झाकण उचललं. जायच्या आदल्या दिवशी तिने ती काठापर्यंत भरली होती. पोतं तिला उचलत नसे, म्हणून गॅरेजातून बादलीने मीठ आणायचं, एका हाताने कठडा धरून पंधरा पायऱ्या उतरायच्या, ओतायचं, परत वर. त्या दिवशी तिने आठ खेपा केल्या होत्या. आता मीठ काठाच्या खाली वीतभर गेलं होतं. ती झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. घरात माणूस नाही, थेंबभर पाणी वापरलेलं नाही, मग एवढं मीठ खाल्लं कुणी?

प्रश्न तसा साधा होता, पण तिला ऑर्डेल गेला ती सकाळ आठवली. मार्चमधल्या त्या सकाळी ती वर स्वयंपाकघरात शब्दकोडं सोडवत होती. ऑर्डेल पोतं खांद्यावर घेऊन तिच्या मागून तळघराकडे गेला. महिन्याला सहा पोती, एकेक चाळीस पौंडांचं. पहिला आवाज धपकन झाला. मग बराच वेळ मीठ सांडत राहिलं, पायरीवरून पायरीवर, सावकाश. तिने कोड्यातून मान वर न करता हाक मारली होती, "काय सांडलंस रे आता?" सत्तेचाळीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं वाक्य ते. त्याच्या कानावर ते पडलं की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदमच थांबलं असणार. नंतर कितीतरी आठवडे ती पायऱ्या झाडत राहिली, तरी मोज्यांखाली एखादा खडा टोचायचाच. टोचला की ती तिथेच बसायची. आपल्याकडचं पाणी जड, त्याला मीठ लागतंच, असं ऑर्डेल म्हणायचा, आणि लागतंच म्हटल्यावर ते खांद्यावरून उतरवणंही आलंच. देवाने हिवाळा दिला तसंच जड पाणीही दिलं. त्यावर कोण कशाला रागावेल? पण आज टाकीकडे बघताना तिला पहिल्यांदाच वाटलं की यात देवाचा हात नसेल.

दुसऱ्या दिवशी तिने नगराच्या पाणीखात्यात फोन केला. संध्याकाळच्या आत एक मुलगी आली, हिबो वारसामे नावाची. उंच, डोक्याला करडा रुमाल, पायांत चिखलाचे बूट. दारातच बूट काढून ती मोज्यांवर आत आली, ते अर्लिसला आवडलं. हिबोने नळाच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग ताडून बघितला, मग सॉफ्टनरचं झाकण काढलं. आत बशीएवढं एक चाक होतं. सतरा वर्षं ते या घरात फिरत होतं आणि अर्लिसने ते कधी बघितलं नव्हतं.

"हे बघा, हे बारा दिवसांचं चाक," हिबो म्हणाली. "प्रत्येक दिवसाला एक खिट्टी. जी बाहेर ओढलेली असेल त्या रात्री यंत्र उठतं आणि स्वतःला मिठाच्या पाण्याने धुऊन काढतं. तुमच्या सहा बाहेर आहेत. एक दिवसाआड एक."

"मी घरात असले नसले तरी?"

"त्याला काय कळतंय? ते मुकं यंत्र. तुम्ही वर्षभर गेलात तरी ते उठून आंघोळ करणार." तिने खालची एक चकती दाखवली. "आणि दर आंघोळीला पंधरा पौंड मीठ. आपल्या गावाच्या पाण्याचा जडपणा सतरा आहे. हे लावलंय जणू चाळीस असावा असं, आणि घरात आठ माणसं असावीत असं."

"आम्ही दोघंच होतो."

"मग दोन खिट्ट्या. आणि सहा पौंड. त्याहून जास्त घातलेलं मीठ बहुतेक फुकटच जातं, गटारातून गावच्या तळ्यात. आमचा सांडपाण्याचा कारखाना घाण काढतो, पण मीठ काही काढता येत नाही. ते जातं तसंच्या तसं. बाहेरचा बागेचा नळही यालाच जोडलाय की! झाडांना कशाला हवं मऊ पाणी?"

ऑर्डेलचे टोमॅटो दर उन्हाळ्यात कडेने करपायचे. तो मातीला शिव्या द्यायचा.

"दोन खिट्ट्या लावल्या असत्या," अर्लिसने विचारलं, "तर महिन्याला पोती किती लागली असती?"

हिबोने मनात हिशेब केला. "एकसुद्धा पुरतं लागलं नसतं."

अर्लिस पायरीवर बसली. हिबो घाबरून तिच्याजवळ आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काय झालं, एद्दो? पाणी आणू?" हा शब्द हिबोच्या भाषेत आत्याला लावतात हे अर्लिसला नंतर कळलं. त्या वेळी तिला फक्त एवढंच कळत होतं, की सहापैकी पाच पोती लागतच नव्हती. मार्चमधलं ते पोतं लागत नव्हतं. ते ज्या पोत्यांपैकी होतं त्यांना या घरात येण्याचं काही कारणच नव्हतं.

"हे लावलं कुणी?" हिबोने विचारलं.

लावलं होतं व्हर्लिन ओस्टबीने. सतरा वर्षांपूर्वी, याच तळघरात, गुडघे टेकून, ऑर्डेलशी मासेमारीच्या गप्पा मारत. व्हर्लिन म्हणजे गावातला मऊ पाणीवाला, धंदा बापाकडून आलेला. यंत्रंही त्याचीच, मीठही त्याचंच, दर गुरुवारी ट्रकमधून घरोघर. सुरुवातीला तो पोती तळघरापर्यंत नेऊन द्यायचा. मग गिऱ्हाइकं वाढली आणि तो गॅरेजच्या दाराशीच ठेवू लागला. ऑर्डेल म्हणाला होता, राहू दे, मी नेतो. ऑर्डेलच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सहांमध्ये व्हर्लिन होता, डाव्या बाजूला, मधला. नंतर चर्चच्या तळमजल्यावर, हॅमचे पाव आणि बटाट्याची खिचडी खाताना, त्याने अर्लिसचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, "त्याने कधी कुरकुर केली नाही गं. सत्तरीचा माणूस, पण पोतं खांद्यावर घेतलं की तिशीतला गडी!" आणि पुढच्याच गुरुवारी गॅरेजच्या दाराशी पोती होती. तेव्हा तिला तो आधार वाटला होता. जग चालू आहे, व्हर्लिन मीठ टाकून जातो आहे.

ती त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री एकच गोष्ट मनात घोळवत राहिली: त्याला माहीत होतं. ज्याचा धंदाच पाणी, त्याला पाणी किती जड हे माहीत नसेल? गुडघे टेकून, हसत हसत, त्याने एकेक खिट्टी बाहेर ओढली. तिला त्या खिट्टीचा कट् असा बारीक आवाजसुद्धा ऐकू येऊ लागला, जो तिने कधी ऐकला नव्हता. गुरुवारी ती मुद्दाम गॅरेजात उभी राहिली.

"काय गं, थंडीत का उभी?" व्हर्लिन ट्रकमधून उतरत म्हणाला. कान लाल झालेले, टोपीवर स्वतःच्याच धंद्याचं नाव. "माझी वाट बघतेस की मिठाची?"

"व्हर्लिन, आपल्याकडचं पाणी किती जड आहे रे?"

"पाणी?" तो मोठ्याने हसला. "अगं दगड आहे दगड! ग्लासात ओतलं तर सुरीने कापावं लागेल. माझा बाप म्हणायचा, या गावात पाणी पिऊ नये, चावावं."

त्याने पोती खाली ठेवली, कमरेवर हात देऊन सरळ झाला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. एक रेषा हलली नाही. असं खोटं बोलणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. ओरडावं, पोतं फाडून त्याच्या तोंडावर फेकावं, असं तिच्या हातांना वाटत होतं. पण तिच्या, नेस्टेगार्डांच्या, घरात कुणी कधी ओरडलं नव्हतं. ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारपासून टाकू नकोस. मला पुरे आहे."

"एकटीला कमीच लागणार म्हणा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते तिने कधीच माफ केलं नाही.

हिबोला घरोघर जाऊन सॉफ्टनर तपासणारी माणसं हवी होती. तळ्यातलं मीठ दरवर्षी वाढत होतं, आणि तिला स्वतःला लोक दारातूनच परत पाठवत. नगराचं माणूस, त्यात परकं. अर्लिसला कुणी परत पाठवणार नव्हतं. तिने गावातल्या निम्म्या पोरांना रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. नोव्हेंबरपासून ती निघाली. पर्समध्ये पट्ट्या, टॉर्च, एक चपटा पाना, आणि डब्यात लिंबाच्या वड्या. लोक म्हणायचे, ये, अर्लिस, ऑर्डेल गेल्यापासून दिसली नाहीस. ती कॉफी प्यायची, मुलाबाळांची चौकशी करायची, मग म्हणायची, जरा तुमचं तळघर दाखव बघू. प्रत्येक तळघरात तेच. बारापैकी सहा, एखाद्या ठिकाणी आठ. ती गुडघे टेकायची, म्हातारे गुडघे, फरशी गार, आणि एकेक खिट्टी अंगठ्याने आत ढकलायची. कट्. प्रत्येक आवाजाला तिच्या अंगातून ऊन गेल्यासारखं व्हायचं. वर येऊन ती घरमालकाला म्हणायची, "आता ओस्टबीला सांग, दोन महिन्यांनी ये." दुसऱ्या घरात म्हणायची, "आता तीन महिन्यांनी." त्याच्याबद्दल वाईट शब्द तिने एकदाही काढला नाही. तशी गरजच नव्हती. लोक स्वतःच बोटांवर पोत्यांचा हिशेब करायचे.

"तुम्ही माझ्याहून चांगलं काम करता, एद्दो," हिबो म्हणायची. "तळं तुमचं नाव घेईल." तळ्याची गोष्ट निघाली की अर्लिस मान डोलवायची. तळ्याचं तिला काहीच नव्हतं. तळं गोठलेलं, त्यावर माणसं भोकं पाडून मासे धरत बसलेली; त्याच बर्फावर ऑर्डेल आणि व्हर्लिन वीस हिवाळे शेजारीशेजारी बसले होते, एका थर्मासातली कॉफी पीत. तिला ते आठवलं की हात आणखी झपाझप चालायचे. रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रार्थना म्हणत, आणि अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीशी ती ओठ मिटून घेई. पुढची ओळ आली की परत सूर धरी. दोन बाकं पुढे व्हर्लिनची मान दिसायची, दाढी केलेली, सुरकुतलेली, कॉलरच्या वर लाल. त्या मानेवर ती मनातल्या मनात पोतं ठेवायची. मग दुसरं. फेब्रुवारीपर्यंत तिने दीडशेच्या वर घरं केली होती.

फेब्रुवारीतच तो एकदा चर्चच्या अंगणात तिच्या वाटेत उभा राहिला. बायको इवोन त्याची बाही ओढत होती.

"अर्लिस, तूच करतेयस ना हे? दर गुरुवारी ट्रक भरून नेतो आणि भरलेलाच परत आणतो. मला वाटलं लोक दुकानातून मीठ घ्यायला लागले."

"लोकांना जेवढं लागतं तेवढंच घेताहेत."

"चाळीस वर्षं या गावाला मऊ पाणी पाजलं मी! माझ्या पोटावर पाय देऊन तुला काय मिळतं?"

"मला नाही, तळ्याला मिळतं," अर्लिस म्हणाली.

"ऑर्डेल असता तर त्याने तुला असं करू दिलं नसतं."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. हे वाक्य त्याने बोलावं अशी जणू ती वाट बघत होती. "ऑर्डेल नाहीये," ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली. गाडीत बसल्यावर तिच्या तोंडून एक आवाज निघाला. ते रडू होतं की हसू, हे तिला ओळखता आलं नाही. ओळखायची घाईही नव्हती.

एप्रिलमध्ये त्याने ट्रक विकला. त्याच्या महिनाभर आधी तो इस्पितळात राहून आला होता, हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली होती. त्याच्या दुकानाच्या काचेला आतून कागद लावलेले अर्लिसने येताजाता बघितले. एकदा गाडी थांबवून तिने ते सावकाश बघितले. घरी येऊन ती जेवली, भांडी धुतली, खुर्चीत बसली. करायचं ते झालं होतं. यादीत आता थोडीच घरं उरली होती. आणि मग इवोनचा फोन आला.

"अर्लिस, आमचंही बघशील का गं? त्याला नको सांगूस मी बोलावलं म्हणून. डॉक्टरने दहा पौंडांच्या वर उचलू नकोस म्हटलंय, पण तो ऐकतो का? उरलेली सगळी पोती गॅरेजात आहेत आणि दर आठवड्याला एकदोन खाली नेतोच. मी मागे मागे जाते. मी काय करणार मागे जाऊन?"

ती गेली. व्हर्लिन स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता, शर्टाच्या गळ्यातून हाडं दिसत होती. "या बाई, यंत्रतपासनीस," तो म्हणाला. "माझं यंत्र तपासायला आलीस? जा, बघ. मी स्वतः लावलंय. त्यात तुला चूक सापडली तर माझी टोपी खाईन."

तळघरात अकरा पायऱ्या होत्या. खाली त्याची मासेमारीची अवजारं नीट लटकलेली, आणि कोपऱ्यात तसंच यंत्र. तिने झाकण काढलं. टॉर्च धरला. सहा खिट्ट्या बाहेर. चकती पंधरावर. तिने डोळे पुसून परत बघितलं. टाकीला टेकून दोन रिकामी पोती घडी करून ठेवली होती, आणि तिसरं अर्धं. दोन माणसांच्या या घरात, मिठाच्या व्यापाऱ्याच्या स्वतःच्या घरात, आठवड्याला दीड पोतं. त्याने वाहिलेलं, त्याच खांद्यावरून, कदाचित चाळीस वर्षं. स्वतःला कोण फसवतं? त्याला माहीत नव्हतं. बापाने सांगितलं दगड आहे, तर दगड. बापाने एकाआड एक खिट्टी ओढायला शिकवली, तर एकाआड एक. कधी कागदाची पट्टी पाण्यात बुडवली नसेल. सहा महिने तिने ज्या माणसाला रोज मनात गुडघे टेकून हसत हसत खिट्ट्या ओढताना बघितलं होतं, तो माणूस नव्हताच कधी. एक अडाणी, बडबड्या, बापाचं ऐकणारा म्हातारा होता, आणि तो ऑर्डेलचा मित्र होता.

राग जायला हवा होता. ती वाट बघत उभी राहिली. तो गेला नाही. उलट जागा शोधत असल्यासारखा तिच्या आत फिरत राहिला. जाणूनबुजून केलं असतं तर निदान ऑर्डेल कुणाच्या तरी लोभापायी मेला असता. हे त्याहून वाईट होतं. एक पट्टी, अर्धं मिनिट, आणि कुणी ती बुडवली नाही. तिच्या मनात आलं, सगळं आहे तसं ठेवावं, झाकण लावावं, वर जाऊन ठीक आहे म्हणावं, आणि त्याला दर आठवड्याला या अकरा पायऱ्या उतरू द्यावं. हा विचार तिने लगेच झटकला नाही. तो तिने पूर्ण बघितला, शेवटच्या पायरीपर्यंत. इवोन वरून हाक मारतेय, खाली मीठ सांडतंय. मग तिने अंगठा पुढे केला आणि चार खिट्ट्या आत ढकलल्या. चकती सहावर आणली. या वेळी अंगातून काहीच गेलं नाही.

वर आल्यावर इवोनने तिच्यापुढे कॉफी ठेवली. व्हर्लिन म्हणाला, "काय? खाऊ का टोपी?"

"पाण्याचा जडपणा सतरा आहे, व्हर्लिन. दोन खिट्ट्या लागतात. तू सहा लावल्या होत्यास. मी बदलल्या. आता महिन्याला एक पोतंसुद्धा लागणार नाही, तेही इवोनने डब्याने न्यायचं. तू उचलायचं नाहीस."

"सतरा?" तो हसू लागला. तिने पट्टी टेबलावर ठेवली, शेजारी रंगांचा कागद. त्याने चष्मा लावला. दोन्ही बराच वेळ जवळ धरून बघितलं. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. "दोन म्हणतेस," तो म्हणाला. "मग बाकीची..."

"लागत नव्हती."

"सगळ्यांकडे?"

"सगळ्यांकडे."

त्याने चष्मा काढला. त्याची नजर टेबलावरून तळघराच्या दाराकडे गेली, आणि तिथेच राहिली. इवोनला ते आधी कळलं. तिने अर्लिसकडे बघितलं, आणि अगदी थोडी मान हलवली, नको, अशी.

"अर्लिस," व्हर्लिन दाराकडेच बघत म्हणाला, "मग ऑर्डेलचं ते पोतं..."

नाही म्हणता आलं असतं. ऑर्डेलचं हृदय तसंही थकलेलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. कधीतरी गेलाच असता, पायरीवर नाही तर बर्फावर. हे सगळं खरं होतं आणि तिच्या जिभेवर होतं.

"हो," ती म्हणाली. "तेही."

तिने कॉफी संपवली नाही. कोट घातला. व्हर्लिन तसाच बसून होता, चष्मा मुठीत, ओठ काहीतरी मोजत असल्यासारखे हलत. इवोन तिच्यामागून दारापर्यंत आली, दार ओढून घेतलं आणि ओसरीवर, रडू आवरत, दबक्या आवाजात म्हणाली, "हे त्याला सांगायलाच हवं होतं का? त्याने मुद्दाम केलेलं नव्हतं, तुला दिसलं ना खाली? दिसलं ना?"

"दिसलं."

"मग?"

अर्लिसने हातमोजे चढवले. ऑर्डेलचे, तिला दोन बोटं मोठे.

"मला कळलं तेव्हा घरात माझं असं कुणी नव्हतं, इवोन," ती म्हणाली. "त्याच्याजवळ तू आहेस. जा आत."